०.०००००१२ टीएमसी

निवृत्त अभियंत्याच्या नजरेस मोकळी जमीन पडू देऊ नये. तो पाण्याच्या खात्यातला असेल, तर तिला उतार आहे हे तर त्याला कळूच देऊ नये. आमच्या ताईंच्या दुर्दैवाने त्यांच्या नाशिकच्या बंगल्यामागे जागाही मोकळी आहे आणि तिला उतारही आहे.

ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी आणि साडूभाऊ म्हणजे तिचे यजमान. साडूभाऊंची उभी हयात बंधारे, कालवे आणि चाऱ्या यांत गेली. कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर ते काही काळ घरात गप्प बसत. फक्त कुणी नळ उघडला की डोळे मिटून विसर्ग किती असेल ते सांगत. मग दोघं जपानच्या सहलीला गेले. आपल्याकडच्या कंपन्या नेतात तशी, रात्री वरणभात मिळणारी सहल. तिथे ताईंनी चेरीचा बहर पाहिला. साडूभाऊंनी एका मंदिरामागच्या तळ्यात लालपांढरे, हातभर लांब मासे पाहिले आणि परतीच्या विमानात कागदी रुमालावर तळ्याचा छेद काढला, मोजमापांसकट.

ते मासे म्हणजे कोई. जातीने हा कार्प. आपल्या धरणांत सायप्रिनस म्हणून जो सोडतात आणि बाजारात रोहू-कटल्याच्या शेजारी जो मांडलेला असतो, त्याचाच भाऊबंद. जपानच्या नीगाता प्रांतातल्या डोंगराळ खेड्यांत शेतकरी भातासाठी साठवलेल्या पाण्यात तो हिवाळ्याची बेगमी म्हणून पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यात मधूनच रंगीत पिल्लं निपजू लागली आणि लोकांनी ती खायची सोडून निवडून वाढवायला घेतली. १९१४ साली तोक्योच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि खेड्यातला मासा पार राजवाड्याच्या खंदकात जाऊन पोचला. २००४ साली त्या भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा यामाकोशीतून माणसांच्या पाठोपाठ कोईसुद्धा हेलिकॉप्टरने हलवले होते. आणि २०१८ साली एका लालपांढऱ्या कोईला लिलावात २० कोटी ३० लाख येन आले. तेव्हाच्या भावाने तेरा कोटी रुपयांच्या घरात.

हा शेवटचा आकडा साडूभाऊ भेटेल त्याला सांगत सुटले. त्यापुढे आपलं अंदाजपत्रक किरकोळ दिसावं, हा हेतू. त्यांचा माळी इंदापूरकडचा, उजनीच्या काठचा. त्याला त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला.

"सायेब, ह्यो तर सायप्रिनस. रंग कुणी दिला?"

"तेरा कोटींचा आहे तो."

माळ्याने फोटो पुन्हा नीट पाहिला. "काटं लई असत्यात त्याला."

तळं ठरलं २० फूट लांब, १२ फूट रुंद, ५ फूट खोल. पाच फूट अशासाठी की कोई दोन-अडीच फुटांपर्यंत वाढतो, त्याला फिरायला खोली लागते. शिवाय उथळ पाणी नाशिकच्या उन्हाळ्यात दुपारी तापतं नि पहाटे गार पडतं, आणि ही रोजची चढउतार माशाला सोसत नाही. गुणाकार केला की १,२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ हजार लिटर. पण लिटरमध्ये बोलायला साडूभाऊंनी साफ नकार दिला. लिटर हे त्यांच्या मते दुधाचं माप. फाइलवर (हो, फाइल होती, लाल फितीसकट) जलसाठा लिहिला होता ०.०००००१२ टीएमसी.

"गंगापूर धरण ५,६३० दशलक्ष घनफुटांचं," ते म्हणाले. "त्या मानाने आपला प्रकल्प लघु वर्गात मोडतो."

पहिलं अंदाजपत्रक १ लाख २५ हजारांचं होतं. बारा ब्रास खोदाई, विटा, सिमेंट, एक मोटर, एक कारंजं, आणि 'मासे : ५० हजार'. ते मंजुरीसाठी ताईंपुढे गेलं. ताई बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी हजारो कर्जप्रकरणं पाहिली आहेत, आणि अर्जात जे लिहिलेलं नसतं तेच त्यांना आधी दिसतं.

"माशांची घाण कुठे जाणार?"

"कारंजं आहे ना."

"कारंजं पाणी उडवतं. धुतं कोण?"

या प्रश्नाने प्रकल्पाची पहिली सुप्रमा झाली. ज्यांचा धरणांशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो, सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. खर्च वाढला की तो मुळातच तेवढा होणार होता, हे सिद्ध करणारा हा कागद. साडूभाऊंनी तो एका रात्रीत तयार केला. सवयीचं काम. आकडा ३ लाख ४० हजारांवर गेला आणि त्यात 'जलशुद्धीकरण' नावाचं नवं उपशीर्ष आलं.

मी या सगळ्यात पडलो तो केवळ रविवारी चहाला जात असे म्हणून. पण बसून ऐकता ऐकता माझं एक मत होत गेलं. कोईच्या तळ्यात बघण्यासारखी गोष्ट मासा नव्हे, गाळणी आहे. मासा नुसता सुंदर असतो.

गाळणीची सुरुवात तळ्याच्या बुडाशी होते. घाण खाली बसते, म्हणून तळाला मध्यावर निचऱ्याचं तोंड आणि तिथून काँक्रीटच्या खालून ४ इंची पाइप. अशा एका पाइपातून निव्वळ गुरुत्वाने ताशी १२ हजार लिटरच्या आसपास पाणी वाहतं. तळ्यातलं सगळं पाणी तासा-दोन तासांनी एकदा गाळणीतून फिरून यावं असं जाणकार सांगतात. साडूभाऊंनी अर्थात तास धरला. म्हणून निचरे दोन, आणि वर तरंगणारी पानं ओढून घेणारा एक स्किमर. हे पाइप एकदा काँक्रीटखाली गेले की गेले. पंप बदलता येतो, पिंप बदलता येतं, मासे बदलता येतात. तळातला पाइप बदलायचा तर तळं फोडावं लागतं. मला कुणी सल्ला विचारलाच (विचारत नाहीत), तर मी सांगेन की पैसे वाचवायचे ते इथे सोडून कुठेही वाचवा.

मोटरीवरून थोडा वाद झाला. साडूभाऊंना ती तळ्यातच हवी होती, विहिरीत टाकतात तशी, एक अश्वशक्तीची. पण मोटर आधी आणि गाळणी नंतर असं केलं, तर माशाची विष्ठा मोटरीच्या पंख्यात दळली जाते आणि मग ते पीठ पाण्यातून वेगळं काढत बसावं लागतं. घाण अख्खी आहे तोवरच धरायची आणि पंप सगळ्यात शेवटी ठेवायचा, हा या शास्त्राचा पहिला नियम. तो त्यांना पटला, पण 'उपसा शेवटी' ही कल्पना पचायला एक आठवडा गेला.

घाण धरायला ड्रम फिल्टर नावाचं यंत्र मिळतं. जाळीचं आडवं पिंप असतं. त्याची छिद्रं ६०-७० मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीइतकी. जाळी चोंदली की आत पाण्याची पातळी बदलते, ती त्याला कळते, मग पिंप आपणहून फिरतं, स्वतःवर फवारा मारतं, स्वतःला धुतं आणि घाण गटारात सोडून पुन्हा कामाला लागतं. संपूर्ण प्रकल्पात ताईंना मनापासून आवडलेली ही एकमेव वस्तू. त्यांनी माहितीपत्रक दोनदा वाचलं.

"म्हणजे कुणी सांगावं लागत नाही?"

"नाही."

"स्वतःचं स्वतः?"

साडूभाऊंनी बनियनवर पडलेला चहाचा थेंब झाकत पान उलटलं. ड्रम फिल्टरला मात्र मान्यता मिळाली.

पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे. दिसणारी घाण जाळीत अडकते, न दिसणारी अडकत नाही. मासा अमोनिया टाकतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून. म्हणजे तो नुसता श्वास घेत पोहत असला तरी पाणी बिघडवत असतो. अमोनिया विषारी. त्याला नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू खातात आणि नायट्राइट बनवतात. तेही विषारी. नायट्राइटला दुसऱ्या जातीचे जिवाणू खातात आणि नायट्रेट बनवतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. काम सरळ आहे, पण या जिवाणूंना बसायला जागा लागते. ते पाण्यात तरंगून काम करत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून करतात. त्यासाठी प्लॅस्टिकच्या छोट्या, आतून पडदे असलेल्या नळकांड्या मिळतात. पिंपात त्या टाकायच्या, खालून हवा सोडायची, त्या अहोरात्र घुसळत राहतात. अशा एक घनमीटर नळकांड्यांमध्ये जिवाणूंना वसायला ५०० चौरस मीटर जागा असते.

साडूभाऊंनी कॅल्क्युलेटर काढला. २०० लिटरचं निळं पिंप भरून नळकांड्या घेतल्या तर १०० चौरस मीटर.

ते थोडा वेळ बोलेनात. मग म्हणाले, "एक गुंठा."

नाशिकमध्ये एक गुंठा म्हणजे काय, हे नाशिकमध्ये प्लॉट शोधणाऱ्याला विचारा. गंगापूर रोडला तो विचारला तर समोरचा आधी तुमच्या गाडीकडे पाहतो. आणि इथे एका निळ्या पिंपात, नळाच्या शेजारी, कुठल्याही अकृषिक परवानगीविना तो बसत होता. साडूभाऊंनी ताबडतोब चार गुंठ्यांची तजवीज केली. त्यांच्या थोरल्या मुलाने चाळीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेल्या फ्लॅटपेक्षा नायट्रोसोमोनासला जास्त जागा मिळणार होती. ताई म्हणाल्या, "सातबाराही काढून द्या त्यांना." साडूभाऊंनी फाइलमध्ये काहीतरी टिपलं. बहुतेक तेच.

गळती थांबवायला कागद. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या शेततळ्यांना अंथरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद साडूभाऊंच्या चांगला ओळखीचा. शिवाय नुसत्या नव्या सिमेंटातून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा सामू वर चढतो, त्यापेक्षा अस्तर बरं. हिशेब असा की लांबीत दोन्हीकडची खोली मिळवायची आणि काठावर फूटभर सोडायचा. ३२ फूट गुणिले २४ फूट. ७६८ चौरस फूट. जमिनीवर २४० चौरस फूट दिसणाऱ्या तळ्याला तिपटीहून जास्त कागद लागतो, हे ऐकून ताईंनी चष्मा काढून ठेवला. दुसरी सुप्रमा इथे झाली.

मग प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न उभा राहिला. गाळणी गुरुत्वावर चालणार, म्हणजे तिची पाण्याची पातळी तळ्याच्या पातळीशी जुळायला हवी. म्हणजे ती जमिनीवर ठेवता येत नाही. म्हणजे तळ्याशेजारी आणखी एक खड्डा. त्या खड्ड्याच्या बुडीत क्षेत्रात कढीपत्ता, मोगऱ्याचे दोन वाफे आणि कपडे वाळत घालायची तार येत होती. ताईंनी अंगणात खुर्ची टाकली आणि साडूभाऊंनी नोकरीत असताना जी घोषणा कित्येकदा ऐकली होती, तीच त्यांना शांतपणे ऐकवली. "आधी पुनर्वसन, मग धरण." संध्याकाळपर्यंत तार गच्चीवर गेली, मोगरा पुढच्या अंगणात आला, आणि कढीपत्त्याला लाभक्षेत्रात जागा देण्याचं लेखी आश्वासन मिळालं. लाभक्षेत्र होतंच. तळ्यातलं दहा टक्के पाणी दर आठवड्याला बदलायचं, म्हणजे ३,४०० लिटर नायट्रेटयुक्त पाणी झाडांना. कढीपत्त्याने यापेक्षा जास्त काय मागावं!

बांधकामाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. दोन फुटांवर मुरूम लागला, तिसऱ्या फुटावर काळा पाषाण. ब्रेकर आला. शेजाऱ्यांनी दुपारच्या झोपेबद्दल विचारणा केली. डासांबद्दलही केली, पण फिरत्या पाण्यात डास अंडी घालत नाहीत आणि घातलीच तर मासे अळ्या सोडत नाहीत, हे साडूभाऊंनी त्यांना आकृती काढून समजावलं. पावसाळ्यासाठी सांडवा केला. नाशिकला गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर मोजतात. साडूभाऊंनी तळ्याच्या काठाला फूटभर उंचीची एक दगडी बुद्धमूर्ती बसवली आणि तिच्या मांडीवर निळी रेषा, छातीवर लाल रेषा आखली. ताईंनी त्या रात्री त्या पुसल्या.

विजेचा हिशेब मात्र ताईंनी स्वतः केला. एक अश्वशक्तीची मोटर चोवीस तास चालली असती तर महिन्याला ५४० युनिटं. त्याऐवजी कमी उचलीचे, १५० वॉटचे दोन पंप घेतले. प्रत्येक ताशी १७ हजार लिटर. दोन्ही मिळून बरोबर एक तृतीयांश क्युसेक, आणि हा आकडा साडूभाऊंनी इतक्या समाधानाने उच्चारला की मीही मान डोलावली. त्यात हवेचा पंप ६० वॉटचा, शेवाळ मारणारा अतिनील दिवा ५५ वॉटचा. एकूण ४१५. दिवसाला दहा युनिटं, महिन्याला तीनशे, आणि ती घरातल्या पंख्या-फ्रिजच्या वर, म्हणजे वरच्या दराच्या टप्प्यात.

"बंद करता येईल ना मधूनमधून?" ताईंनी विचारलं.

येत नाही. पाणी थांबलं की जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि काही तासांत चार गुंठे उजाड होतात. म्हणून इन्व्हर्टर. वीज गेल्यावर त्यावर काय चालवायचं, याचा प्राधान्यक्रम भिंतीवर लावलेला आहे. पहिला हवेचा पंप, दुसरा पाण्याचा पंप, तिसरा देवघरातला दिवा, चौथा दिवाणखान्यातला पंखा. पाहुणे त्यात नाहीत.

अंतिम आकडा ६ लाख ८० हजार. मी यादी वरून खाली वाचली. खोदाई, काँक्रीट, कागद, ड्रम, पिंपं, पंप, व्हॉल्व्ह, इन्व्हर्टर. मासे कुठे दिसेनात. विचारलं तेव्हा साडूभाऊंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'इतर : २० हजार.' त्यात पाणी तपासायचं किट, हाताची जाळी, खंड्या आणि रातबगळ्यापासून वर ताणायची दोरी, आणि मासे. मासे चार हजारांचे. बोटभर लांबीचे, इथेच पैदास झालेले.

"पन्नास हजारांचे होते ना?"

"ते पूर्वनियोजनात. आता निधी वळवला."

संख्याही घटली होती. आधी दोनशे ठरले होते, कारण शेततळ्यात तेवढे सहज मावतात. पण कोई वाढल्यावर एकेकाला हजार लिटर पाणी तरी हवं. मग काढता काढता यादी वीसवर आली. ताईंना त्यातली एकच गोष्ट खटकली. कोई पंचवीस-तीस वर्षं सहज जगतो, त्याहून जास्तही. साडूभाऊ त्रेसष्टचे. बँकेतल्या सवयीने ताईंनी वजाबाकी केली आणि विचारलं, "यांचं नॉमिनेशन कुणाच्या नावे?" थोरला पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, धाकटा जर्मनीत. दोघांनीही फोनवर, वेगवेगळ्या वेळी, 'बाबा, तुम्ही शंभर वर्षं जगा' असं म्हटलं. साडूभाऊंना भरून आलं. ताईंना नाही.

आता तळं पाण्याने भरलेलं आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना आणि माशांना दोघांनाही मारतं, म्हणून आधी त्यात सोडियम थायोसल्फेट टाकलं. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांचा हायपो तो हाच. पंप सुरू आहेत, ड्रम स्वतःला धुतो आहे, नळकांड्या घुसळताहेत. फक्त तळ्यात एकही मासा नाही. तो इतक्यात सोडायचाच नाही. जिवाणूंची वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडले तर ते स्वतःच्याच अमोनियात गुदमरतात. आणि मासे नाहीत तोवर जिवाणूंना अमोनिया कुठून मिळणार? तो बाहेरून घालायचा.

नेमक्या याच आठवड्यांत साडूभाऊ आणि ताई नातवाला बघायला जर्मनीला निघाले. साडूभाऊंनी जाताना माझ्या हातात चार पानी परिचलन सूची ठेवली. धरणाच्या दरवाजांची असते तशी, तारीखवार. पाहुणे म्हणून मासे सांभाळणं मी समजू शकलो असतो. मला नियुक्त केलं होतं ते रिकाम्या तळ्यातल्या न दिसणाऱ्या जिवाणूंना वेळेवर जेवायला घालण्यासाठी. अमोनिया दर लिटरला दोन मिलिग्रॅम व्हावा, म्हणून पहिल्या खेपेला पाव किलो अमोनियम क्लोराइड. पुढे रोज तपासून, कमी होईल तसं. जिवाणू काम करताना पाण्यातली क्षारता खातात, म्हणून खाण्याचा सोडा, दोन किलो. खाली टीप होती, 'अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर. कल्हईवाल्यांना लागतो तो. शुद्ध पाहून घेणे.'

होळी तोंडावर आलेली. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच चिठ्ठीवर आपलं सामान चढवलं आणि मी रविवार कारंज्यावरच्या एका जुन्या दुकानात गेलो. पुरणासाठी गूळ, पाच किलो, शक्यतो काळा, कारण तो गोड असतो. नवसागर, एक किलो, म्हणजे पुन्हा यायला नको. दोन रिकामी पिंपं कुठे मिळतील, तेही विचारलं, कारण साडूभाऊंचा पाचव्या गुंठ्याचा विचार चालू होता.

दुकानदाराने चिठ्ठी वाचली. गूळ, नवसागर, पिंपं. मला वरून खालपर्यंत पाहिलं. मग गल्ल्यावरून पुढे वाकून, आवाज खाली आणून म्हणाला, "काका, ह्या वयात?"

"अहो, माशांसाठी आहे," मी म्हणालो.

"चखण्याचं कळलं," तो म्हणाला. "पण भट्टी कुठे लावताय?"